पैसा कोणाच्या हाती? : ऑनलाइन लिलाव व एस्क्रो सेवेची निवड

धार संस्थानाने १८८७ साली आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन्ही पात्यांनी १८८८ साली तांब्याची नाणी काढली. १८७६ च्या नेटिव्ह कॉइनेज कायद्याचा आधार घेऊन आपली नाणी ब्रिटिश सरकारच्या टांकसाळीत पाडून घेणारी संस्थाने मोजकीच होती आणि त्यांत पवारांची ही तिन्ही राज्ये होती. एका बाजूस राणी व्हिक्टोरियाची मुद्रा व दुसऱ्या बाजूस संस्थानाचे नाव असलेली ही नाणी माळव्यातील जुन्या मराठी घरांत, देवघरातल्या डबीत किंवा आजीच्या बटव्यात, अजूनही सापडतात.

दुसरीकडे आपल्या व्यवसायातील ज्येष्ठ मंडळी निवृत्त होत आहेत. मुले पुण्यात, बंगळूरुला किंवा परदेशात स्थायिक झालेली असतात. दवाखाना पुढे चालवणारे कोणी नसते आणि सोनोग्राफीचे यंत्र, ईसीजी, ऑटोक्लेव्ह, शस्त्रक्रियेचे टेबल अशी एकेकाळी कर्ज काढून घेतलेली सामग्री कुलुपात पडून राहते. नाणी असोत की यंत्रे, या वस्तूंना आपल्या गावात सहसा गिऱ्हाईक नसते. ते असते कोल्हापुरात, सुरतेत किंवा रायपुरात आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग इंटरनेटवरून जातो.

माझ्या दवाखान्यातील काही सामग्री मी याच मार्गाने घेतली आणि विकली आहे. त्यामुळे मंडळातील स्नेही मला वारंवार विचारतात, ‘कोणती साइट चांगली?’ या प्रश्नाला एखादे नाव सांगून उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. नावे बदलतात, बंद पडतात, विकली जातात. त्याऐवजी प्रत्येकाने व्यवहारापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: वस्तू वाटेत असताना पैसा कोणाच्या हाती आहे आणि तो हात कोणत्या अटीवर उघडणार आहे? या एका प्रश्नाचे स्पष्ट उत्तर जी सेवा देऊ शकते ती विचारात घेण्याजोगी. जी देऊ शकत नाही ती कितीही आकर्षक असली तरी आपल्या कामाची नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचाच विस्तार करण्याचा प्रयत्न आहे.

मंडीचा धडा

लिलाव आपणांस नवा नाही. देवास, धार किंवा बदनावरच्या कृषी उपज मंडीत सोयाबीनच्या ढिगाभोवती व्यापारी गोळा होतात. मूठभर दाणे हातात घेऊन पाहतात, दाताखाली घालून ओलावा अजमावतात आणि मग बोली लावतात. भाव सर्वांसमक्ष पुकारला जातो व लिहिला जातो. परवानाधारक तुलावटी माल तोलतो. मध्य प्रदेश कृषी उपज मंडी अधिनियम, १९७२ नुसार शेतकऱ्याची रक्कम त्याच दिवशी चुकती करावी लागते.

या साध्या व्यवस्थेत चार गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. माल डोळ्यांसमोर असतो, भाव उघडपणे ठरतो, तोल तिऱ्हाईत माणूस करतो आणि पैसा लगेच हातात येतो. ऑनलाइन लिलावात या चारांपैकी फक्त दुसरी गोष्ट, म्हणजे उघड बोली, तेवढी शिल्लक राहते. मालाऐवजी त्याचे छायाचित्र दिसते, तोलणारा कोणी नसतो आणि पैसे देणे व माल मिळणे यांत काही दिवसांचे अंतर पडते. चांगली सेवा या उणिवा भरून काढते. वाईट सेवा केवळ बोली दाखवते आणि उरलेले तुमच्या नशिबावर सोडते.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही अडचण शास्त्रीय रीतीने मांडली. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वस्तूतील दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा भीतीपोटी सर्वच वस्तूंना कमी भाव देतो. मग चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून माघार घेतात आणि बाजारात खराब मालच अधिक उरतो. जुन्या सोनोग्राफी यंत्रांच्या बाजारात हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. प्रोबमधील काही स्फटिक निकामी झालेले असतात. पण जाहिरातीतील छायाचित्रात यंत्र लख्ख दिसते. तेव्हा विश्वासार्ह मध्यस्थाचा लाभ प्रामाणिक विक्रेत्यालाही होतो, कारण त्याच्यामुळेच चांगल्या यंत्राला चांगला भाव मिळू शकतो.

बाझी ते ईबे : अठरा वर्षांचा अनुभव

अमेरिकेत पियरे ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ सुरू केले. तेच पुढे ‘ईबे’ या नावाने जगप्रसिद्ध झाले. आपल्याकडे २००० साली मुंबईत अवनीश बजाज व सुवीर सुजान यांनी ‘बाझी डॉट कॉम’ स्थापन केली. २००४ मध्ये ईबेने ती सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतली आणि ‘ईबे इंडिया’ अस्तित्वात आली. नाणी, टपाल तिकिटे, जुने कॅमेरे यांचे अनेक हौशी संग्राहक त्या काळात तेथे खरेदी-विक्री करीत. ‘पैसापे’ नावाच्या व्यवस्थेत ग्राहकाचे पैसे प्रथम मध्यस्थाकडे जमा होत, विक्रेत्याला माल पाठवण्याची सूचना मिळे आणि माल पोहोचल्यानंतर रक्कम त्याच्याकडे जाई. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर तेथे बऱ्याच अंशी मिळत होते.

२०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ती साइट बंद झाली. ज्या विक्रेत्यांनी वर्षानुवर्षे प्रामाणिक व्यवहार करून शेकडो ग्राहकांचे अभिप्राय मिळवले होते, त्यांची ती पत दुसऱ्या दुकानात जशीच्या तशी नेता येण्याजोगी नव्हती. ती दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली होती. यावरून पहिला बोध असा की व्यवहाराचे कागद, पावत्या, पत्रव्यवहार व छायाचित्रे आपल्या स्वतःच्या संग्रहीही ठेवावीत.

दुसरा बोध कायद्यासंबंधी आहे. २००४ च्या अखेरीस बाझीवर एका विक्रेत्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली आणि त्या प्रकरणात साइटच्या प्रमुखांना अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन अशा मध्यस्थांना काही अटींवर संरक्षण मिळाले. याचा व्यावहारिक अर्थ लक्षात घ्यावा. साइट ही दुकानाची मालकीण नसते. ती बाजाराची जागा उपलब्ध करून देते. साइट नामांकित आहे एवढ्यावरून तिच्यावरील प्रत्येक विक्रेता नामांकित ठरत नाही.

आज आपल्याकडे घरगुती जुन्या वस्तूंची विक्री बहुतांशी जाहिरातींच्या साइटवर होते. तेथे बोली नसते आणि दोन व्यक्तींमधील पैशाच्या देवघेवीशी साइटचा सहसा संबंधही नसतो. खऱ्या अर्थाने लिलाव उरले आहेत ते विशिष्ट क्षेत्रांत : नाणी व टपाल तिकिटांच्या लिलाव-पेढ्या, बँकांनी जप्त केलेल्या मालमत्तेचे ई-लिलाव, आणि सरकारी भंगार व साहित्यासाठी ‘एमएसटीसी’ या सार्वजनिक कंपनीचे लिलाव. आपण ज्याला सरसकट ‘ऑनलाइन विकणे’ म्हणतो त्याचे हे निरनिराळे प्रकार आहेत आणि प्रत्येकात पैसा निराळ्या हाती असतो.

लिलावाचे नियम आधी वाचावेत

वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ मध्ये लिलावाचे मूलभूत नियम दिलेले आहेत. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा मारून किंवा अन्य रूढ रीतीने विक्री जाहीर केली म्हणजे ती पूर्ण होते. तोपर्यंत बोली लावणाऱ्यास आपली बोली मागे घेता येते. विक्रेत्याने भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या असतील, तर ती विक्री रद्द ठरवण्याचा अधिकार खरेदीदारास आहे. इंटरनेटवर ही खोटी बोली फार सोपी असते, कारण एकच माणूस दोन नावांनी वावरू शकतो.

म्हणून सेवा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. बोली लावणाऱ्याची ओळख पडताळली जाते का? विक्रेत्याला किमान राखीव किंमत ठेवता येते का आणि ती ठेवली असल्याचे इतरांना कळते का? लिलाव ठराविक क्षणी संपतो की शेवटच्या मिनिटास बोली आली तर वेळ वाढते? हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अल्विन रॉथ व अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ठराविक क्षणी संपणाऱ्या ईबेच्या लिलावांत अखेरच्या क्षणी बोली लावण्याचे प्रमाण वेळ वाढवणाऱ्या लिलावांपेक्षा बरेच अधिक होते. विक्रेत्याच्या दृष्टीने वेळ वाढवणारी पद्धत अधिक हितकारक, कारण खरोखर घेऊ इच्छिणाऱ्याला उत्तर देण्याची संधी मिळते.

शेवटी दलालीचा हिशेब. काही लिलाव-पेढ्या विक्रेत्याकडून दलाली घेतात व खरेदीदाराकडूनही हातोड्याच्या किमतीवर अधिभार घेतात. जिंकलेली बोली म्हणजे द्यावयाची अंतिम रक्कम नव्हे, हे आधीच जाणून घ्यावे.

एस्क्रो म्हणजे काय?

‘एस्क्रो’ हा शब्द गुंडाळीच्या कागदाचा अर्थ असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला. कागद किंवा रक्कम तिऱ्हाइताच्या स्वाधीन करायची आणि ठरलेली अट पूर्ण झाल्यावरच त्याने ती दुसऱ्या पक्षास द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. तिचे तत्त्व आपल्या व्यापाऱ्यांस अपरिचित नव्हते. जुन्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच ती हुंडी देय होत असे; माल वाटेत बुडाला तर देणे नाही. पैसा आणि मालाचे पोहोचणे यांची अशी सांगड घालणे हेच एस्क्रोचे मर्म आहे.

आपल्याकडे या क्षेत्राची जबाबदारी प्रामुख्याने रिझर्व्ह बँकेकडे आहे. ऑनलाइन व्यवहारांत मध्यस्थांकडे जमा होणारे ग्राहकांचे पैसे त्यांच्या स्वतःच्या पैशांत मिसळू नयेत, यासाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००९ मध्ये स्वतंत्र खात्याचा दंडक घातला. १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर’ म्हणवल्या जाणाऱ्या बिगर-बँक संस्थांना रिझर्व्ह बँकेची अधिकृत मान्यता घेणे आणि जमा रक्कम अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक केले.

या २०२० च्या तत्त्वांत विक्रेत्याला रक्कम केव्हा द्यावी, याचे तीन टप्पे वेगळे केलेले होते : माल रवाना झाल्यानंतर, माल पोहोचल्यानंतर, आणि माल परत करण्याची मुदत संपल्यानंतर. सामान्य ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगा भाग हाच. ‘आमच्याकडे एस्क्रो आहे’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. माल ट्रकमध्ये चढताच पैसे सुटत असतील, तर घेणाऱ्याला एस्क्रोचा उपयोग नाममात्रच. पोहोचताच सुटत असतील, तर खोके मिळाल्याची हमी आहे. खोक्यात काय आहे याची नाही. तपासणीची मुदत संपल्यावर सुटत असतील, तरच मंडीतील मूठभर दाणे हातात घेऊन पाहण्याचा हक्क काही अंशी परत मिळतो.

मोठ्या रकमेसाठी बँकेमार्फत त्रिपक्षीय एस्क्रो करार करता येतो. त्यात विक्रेता, खरेदीदार आणि बँक यांच्या सह्या असतात व रक्कम सोडण्याच्या अटी शब्दशः लिहिलेल्या असतात. त्याचे शुल्क लहान व्यवहारास परवडत नाही. परंतु संपूर्ण नर्सिंग होमची सामग्री एकत्र विकावयाची असेल, तर हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा.

खोटी एस्क्रो

देवासमध्ये बँक नोट प्रेस असल्याने नोट उजेडासमोर धरून पाहण्याची सवय आपल्या गावाला शिकवावी लागत नाही. दुर्दैवाने वेबपानाला जलचिन्ह नसते. नामांकित सेवेच्या नावासारखे नाव घेऊन, तशीच रंगसंगती वापरून बनावट एस्क्रो साइट एका दिवसात उभी करता येते.

धारमधील एका निवृत्त स्नेह्यांच्या बाबतीत घडलेला प्रकार त्यांच्या संमतीने सांगतो. ते आपले शस्त्रक्रियेचे टेबल व दिवे विकणार होते. दूरच्या शहरातील एका खरेदीदाराने घासाघीस न करता मागितलेली किंमत मान्य केली आणि एका एस्क्रो साइटचा दुवा पाठवला. तेथे त्यांच्या नावे पूर्ण रक्कम जमा झालेली दिसत होती. ती ‘मोकळी’ करण्यासाठी आधी नोंदणी शुल्क भरावे, असा संदेश होता. त्यांनी मला फोन केला. मी त्यांना तीनच प्रश्न विचारावयास सांगितले : एस्क्रो खाते कोणत्या बँकेत आहे? सेवा चालवणाऱ्या संस्थेचे नाव रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत यादीत कोणते आहे? शुल्क जमा रकमेतूनच का वळते करून घेत नाही? पहिल्या दोन प्रश्नांना टोलवाटोलवी झाली आणि तिसऱ्या प्रश्नानंतर खरेदीदाराचा फोन लागेनासा झाला.

तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. खरी एस्क्रो सेवा आपले शुल्क जमा रकमेतून कापून घेऊ शकते. ज्याच्या नावे पैसे जमा आहेत त्याच्याकडूनच ते सोडवण्यासाठी आणखी पैसे मागितले जात असतील, तर जमा रक्कम केवळ पडद्यावरील आकडा आहे असे समजावे. त्याचप्रमाणे एस्क्रो सेवा कोणती असावी हे समोरच्या अनोळखी पक्षाने ठरवू नये. ती आपण शोधावी, तिचा पत्ता आपण स्वतः टंकित करावा. आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये.

यूपीआयच्या बाबतीत एक सूत्र पाठ करावे : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. ‘हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात रक्कम येईल’ असे सांगणारा माणूस, मग तो स्वतःला सैन्यातील अधिकारी म्हणवो की रुग्णालयाचा खरेदी अधिकारी, तुमच्या खात्यातून पैसे काढत असतो.

वैद्यकीय सामग्री : कायदा आणि तपासणी

जुने सोनोग्राफी यंत्र ही काही कपाटासारखी वस्तू नव्हे. पी.सी.पी.एन.डी.टी. कायद्याच्या कलम ३ ब नुसार नोंदणी नसलेल्या केंद्रास किंवा व्यक्तीस असे यंत्र विकता येत नाही. हे बंधन कंपन्यांपुरते नाही, व्यक्तीलाही लागू आहे. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. खरेदीदाराच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत व यंत्राचा वापर लिंगनिदानासाठी होणार नाही असे प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि आपल्या जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यास लेखी कळवून पोच ठेवावी. कोणतीही लिलाव साइट ही जबाबदारी आपल्या वतीने उचलत नाही. यंत्र नको त्या हातात गेले तर कोणाच्या तरी उदरातील मुलीच्या जिवाशी खेळ होतो. तेव्हा येथे पैशापेक्षा मोठी गोष्ट पणास लागलेली असते. अधिक बोली लावणारा अनोंदणीकृत ग्राहक आणि कमी देणारा नोंदणीकृत ग्राहक यांत निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एक्स-रे यंत्रांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ‘ई-लोरा’ प्रणालीत नोंद असते. यंत्र दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी मंडळाची प्रक्रिया पूर्ण करावी व खरेदीदाराची पात्रता पाहावी. जी विद्युत उपकरणे कायमची निकामी झाली आहेत ती लिलावात काढण्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावीत.

खरेदी करणाऱ्यांनी तपासणीच्या मुदतीकडे बारकाईने पाहावे. बऱ्याच ठिकाणी ही मुदत माल पोहोचल्यापासून मोजली जाते. एखादे यंत्र सोमवारी धारला पोहोचले, इंदूरहून अभियंता गुरुवारी आला आणि तपासणीची मुदत बुधवारीच संपली, तर एस्क्रोने आपले काम चोख केले असे म्हटले जाईल आणि बिघडलेले यंत्र आपल्या गळ्यात पडेल. म्हणून मुदत यंत्र बसवून चालू केल्यापासून मोजावी, असे करारात लिहून घ्यावे. ते शक्य नसेल तर यंत्र रवाना होण्यापूर्वीच अभियंत्याची वेळ निश्चित करावी. यंत्राचा अनुक्रमांक, प्रोबची संख्या, सेवा-नोंदवही आणि यंत्र चालू असतानाची चित्रफीत या गोष्टी व्यवहाराच्या वर्णनातच असाव्यात. कारण वाद झाल्यास मध्यस्थ वर्णनाशी माल ताडून पाहतो, आपल्या मनातील अपेक्षेशी नव्हे.

जुनी नाणी : लोभ आणि कायदा

जुन्या नाण्यांच्या नावाने होणारी फसवणूक इतकी वाढली की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेस जाहीर खुलासा करावा लागला. ऑनलाइन जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, दलाली किंवा कर मागितला जात आहे. बँक अशा व्यवहारांत पडत नाही व कोणासही तिने असा अधिकार दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले.

तरीही हे प्रकार थांबलेले नाहीत. आपल्या परिचयातील एका काकूंना त्यांच्याकडील एका नाण्याचे काही लाख रुपये मिळतील असे फोनवर सांगण्यात आले. प्रथम नोंदणी, मग कर, मग विमा अशा तीन हप्त्यांत त्यांच्याकडून रक्कम काढून घेण्यात आली. ती रक्कम त्यांच्या कुटुंबाला सोसता आली. परंतु ‘लोक काय म्हणतील’ या संकोचाने त्यांनी पंधरा दिवस घरातही सांगितले नाही आणि पैसा अडवण्याची वेळ निघून गेली.

नाणे दुर्मीळ आहे की नाही हे त्याच्या वयावर ठरत नाही. किती नग उरले आहेत, स्थिती कशी आहे आणि मागणी किती आहे यांवर ठरते. त्यासाठी एखाद्या नाणकशास्त्र संस्थेच्या जाणकाराला नाणे दाखवावे. नाणे घासून चकचकीत करू नये. त्याने मूल्य घटते. लिलाव-पेढी निवडताना तिच्या पूर्वीच्या लिलावांच्या छापील सूची व प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहावेत. नाणी सोपवताना प्रत्येक नाण्याचे वजन व दोन्ही बाजूंची छायाचित्रे असलेली पावती घ्यावी आणि लिलावानंतर किती दिवसांत रक्कम मिळेल हे लेखी घ्यावे. अनेक कुरियर कंपन्या आपल्या अटींमध्ये नाणी व दागिने वगळतात. तेव्हा पाठवण्यापूर्वी विम्याची खात्री करावी.

पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषाच्या व्याख्येत येतात. त्यांच्या विक्रीचा धंदा करणाऱ्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशी साइटवर चढा भाव दिसला तरी तो मोह आवरावा. जुन्या वाड्याचा पाया खणताना हंडा सापडला, तर तो आपोआप आपला होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते.

कशासाठी काय निवडावे?

लहान व हाताने नेता येण्याजोगी वस्तू असेल, तर जाहिरात साइटवरून स्थानिक ग्राहक शोधून वस्तू समोर ठेवून पैसे घेणे हाच सर्वांत निर्धोक मार्ग. तेथे एस्क्रोची गरज नाही. दुर्मीळ नाणी, तिकिटे यांसाठी जाणकारांची लिलाव-पेढी योग्य, कारण तेथे योग्य ग्राहक जमतात. दूरच्या गावी जाणारी यंत्रसामग्री असेल, तर तपासणीची मुदत देणारी, बँकेतील एस्क्रो खात्यावर आधारलेली सेवा किंवा थेट बँकेचा करार निवडावा. अशी सेवा मिळत नसेल, तर स्वतः किंवा अभियंत्यामार्फत यंत्र पाहून, तेथेच चालवून, तेथेच रक्कम चुकती करावी. प्रवासाचा खर्च हा या व्यवहाराचा विमा समजावा.

वाद किंवा फसवणूक झाल्यास

ई-कॉमर्स साइटवरील व्यावसायिक विक्रेत्याशी वाद असेल, तर २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मात्र दोन खाजगी व्यक्तींमधील एखाद-दुसऱ्या विक्रीला हे संरक्षण सहसा मिळत नाही. तेथे लेखी करार हाच आधार.

पैसे फसवणुकीने गेले असतील, तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरण्यापूर्वी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. हृदयविकारात पहिल्या तासाचे जे महत्त्व, तेच येथे आहे, हे डॉक्टर मंडळींना वेगळे सांगावयास नको.

आपल्यासारख्या लहान, परस्परांना ओळखणाऱ्या समाजात फसवले गेल्याची लाज मोठी वाटते आणि डॉक्टरांना व त्यांच्या कुटुंबीयांना ती अधिकच वाटते. परंतु ठग नेमके याच मौनावर जगतो. मंडीत भाव सर्वांसमक्ष पुकारला जातो म्हणून शेतकरी बऱ्याच अंशी सुरक्षित असतो. आपणही व्यवहार करण्यापूर्वी तो कोणा एका जाणत्या माणसासमोर बोलून दाखवावा. पैसा कोणाच्या हाती आहे आणि तो केव्हा सुटणार, हे त्याला दोन वाक्यांत समजावून सांगता आले तर पुढे जावे. सांगता आले नाही तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.